आईजवळची बाई

आईचा रिपोर्ट मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये मी रोज मायक्रोस्कोपखाली तेच बघते. गाठ यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टर म्हणाले, "मुंबईला नेलंत तर उपचार करता येतील. दिवस थोडे वाढतील, त्रासही वाढेल. नाहीतर घरी न्या. पॅलिएटिव्हच्या सिस्टर घरी येऊन दुखणं आटोक्यात ठेवतात."

आई छताकडे बघत होती. तिने विचारलं, "घरी म्हंजे आपल्या घरी ना गो? वाडीत?"

माझा थोरला भाऊ अनिलदादा मुंबईला असतो. फोनवर तो म्हणाला, "तू तिला मरायला नेत्येस, नमू."

मी रजा टाकली, मांडवीतल्या माझ्या खोलीला कुलूप लावलं आणि आईला रुग्णवाहिकेतून गावी नेलं.

पालीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की आमची वाडी. शिमगा आणि गणपती सोडले तर ती बंदच असते. सगळी मुंबईला. प्रत्येक दाराला कुलूप, अंगणात काजूचा पाचोळा. खालच्या अंगाला भिकाजीकाका तेवढे राहतात, पण त्यांचे गुडघे गेलेले. थंडी सरत आली होती, आंब्याला मोहोर होता, आणि दिवसभर त्यावरच्या माश्यांची गुणगुण सोडून दुसरा आवाज नव्हता.

सानवी सिस्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी सगळं दाखवलं. मॉर्फिनची गोळी कधी द्यायची, तोंड ओल्या कापसाने कसं पुसायचं, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची. "आणि ताई," जाताना त्या म्हणाल्या, "तुम्हाला सोबतीला कोणी हवं. एकट्याने होत नाही हे."

कोण येणार होतं? मी लग्न केलं नाही. दादाच्या मुलांच्या परीक्षा होत्या.

घरात फोनला रेंज नव्हती. दुपारी आईचा डोळा लागला की मी घरामागच्या पायवाटेने वर सड्यावर, उघड्या कातळमाळावर, जायची. तिथे कातळावर उभं राहिलं की दादाशी बोलता यायचं. तो रोज एकच विचारायचा, "मुंबईला आणतेस का अजून?" मी रोज नाही म्हणायची आणि परतताना वाटेत रडून घ्यायची.

अशीच एकदा परत आले तर आई डाव्या कुशीवर होती. मी तिला उजव्या कुशीवर ठेवून गेले होते. तिच्या अंगात मान उचलण्याचंही बळ उरलं नव्हतं. पाठीमागे उशी होती, गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेलं लुगडं. सिस्टरनी शिकवलं होतं तसं. उलट माझ्यापेक्षा नीट.

मीच केलं असेल आणि विसरले असेन, असं मी ठरवलं. माझी झोप होत नव्हती.

दोन दिवसांनी परतले तेव्हा तिच्या ओठांना पेज लागलेली होती. वाटी धुऊन पालथी घातली होती. मी चुलीत हात घातला. राख कोमट होती. मी गॅसवर रांधते, चूल पेटवतच नाही.

मी खाली भिकाजीकाकांकडे गेले. ते पडवीत सुपारी कातरत बसले होते.

"काका, दुपारचं आमच्याकडे कोणी येतं का?"

"ह्या वाडीत आता तुमी दोघी नि मी. तिसरा कोन येतो?"

"आईला कोणीतरी पेज भरवली."

त्यांचा अडकित्ता थांबला. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "खाल्लीन तिनं?"

"हो."

"मग बरा झाला," ते म्हणाले आणि उठून आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी दिलेली भाजी गडग्यावर, अंगणाच्या दगडी कुंपणावर, ठेवलेली असायची. दारापर्यंत ते आले नाहीत.

मी आईला विचारलं. तेव्हा ती बरीच शुद्धीत होती.

"आई, तुझ्याजवळ कोण येतं गं?"

"येते ती."

"ती कोण?"

"हात ऊन हायत तिचं," आई म्हणाली. मग डोळे मिटूनच पुढे म्हणाली, "नाव इचारू नको हां तिला."

पुढच्या खेपेला सानवी सिस्टर लवकर आल्या. मी सड्यावरून उतरले तेव्हा त्या आईचा रक्तदाब मोजून ओटीवर आल्या होत्या. चेहऱ्यावर समाधान होतं.

"छान ठेवलंय हो आईंना. पाठीला साधी लाली नाही. त्या बाईंनी सांगितलं, काल दुखणं वाढलं होतं म्हणून. गोळ्या वाढवून देते."

दुखणं वाढलं होतं हे खरंच होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"कुठल्या बाई?"

"अहो, आत्ता आत गेल्या ना. चुलीपाशी."

आम्ही दोघी आत गेलो. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. परसदाराचा अडसर आतून लागलेला होता.

"दिसायला कशा होत्या?" मी विचारलं.

सिस्टर आठवू लागल्या. आठवता आठवता त्यांचा आवाज उतरला. "तोंड नाही बघितलं मी. भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या." त्यांनी गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं, आणि चहा न घेताच स्कूटर सुरू केली.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण थोडीच. त्या घरात आईचं कण्हणं ऐकणारं माझ्याखेरीज आणखी कोणीतरी होतं, हे कळल्यावर मला कितीतरी दिवसांनी भूक लागली. मी सड्यावर निघताना दारातून सांगू लागले, "मी येतेच हं. बघा जरा."

उत्तर कधी आलं नाही. पण मी सड्यावर जास्त वेळ थांबू लागले.

एके दिवशी दादा म्हणाला, "मी निघतोय. उद्या पोचतो." त्याला रडू आवरत नव्हतं. "तू बरोबर केलंस, नमू." ते ऐकून मी कातळावर खाली बसले. उतरायला उशीर झाला.

आई गेलेली होती.

डोळे मिटलेले होते. हनुवटीखालून फडक्याची पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारलेली. केस विंचरून वेणी घातली होती. तेलाचा वास येत होता.

मला करायला काही ठेवलं नव्हतं.

मी आईचा हात हातात घेतला. तो गार होता. त्या रिकाम्या घरात मी मोठ्याने म्हणाले, "उपकार झाले तुमचे." आतल्या खोलीतून बांगड्या वाजल्यासारखं झालं. एकदाच.

दादा आला, वाडीतली माणसं मुंबईहून आली, दिवसकार्य झालं. सगळे गेल्यावर मी घराला कुलूप लावलं. वाटेत भिकाजीकाका गडग्यापाशी उभे होते. त्यांनी माझ्या मागे, रिकाम्या वाटेकडे बराच वेळ पाहिलं.

"एकटीच निगालंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो काका. एकटीच असते मी."



मी मांडवीला परतले, लॅबमध्ये रुजू झाले. तब्येत चांगली आहे. सगळ्या तपासण्या मी स्वतःच करून घेतल्या, आणि स्लाइड पुन्हा पुन्हा पाहिल्या. काही नाही.

काल रविवार होता. जेवून मी जरा आडवी झाले. खिडकीतून समुद्राचा वारा येत होता. गाढ झोप लागली.

जाग आली ती ठसक्याने. घशात पाणी गेलं होतं. ओठांच्या कडेने ओघळून ते मानेपर्यंत आलं होतं.

जिभेवर काहीतरी होतं. मी ते बोटाने काढलं आणि उजेडात धरलं.

तुळशीचं पान. नुकतंच खुडलेलं.