आधीच्या गिऱ्हाइकाचा नंबर

दिवा राहू दे बारीक. आणि मध्येच कोणी फाटे फोडू नका, नंतर काय ते विचारा.

नेव्हिल बेडोज माझा शेजारी, बँकेतून निवृत्त झालेला. थापा मारायला जी कल्पनाशक्ती लागते ती त्याच्याकडे औषधालाही नाही. हे त्याने मला सांगितलं तेव्हाही तो घाबरलेला नव्हता, वैतागलेला होता.

गेल्याच्या गेल्या वर्षी, नोव्हेंबरची चौदा तारीख, मंगळवार, रात्रीचे आठ पस्तीस. त्याची आई जाऊन सात आठवडे झाले होते. वडिलांनी, म्हणजे अर्नॉल्डने, अन्नच टाकलं होतं. चहा, बिस्किटाचा तुकडा, बस्स. आठवडाभरात फरक पडला नाही तर नाकात नळी, असं डॉक्टरने सांगितलेलं. आणि त्या संध्याकाळी म्हातारा आपणहून म्हणाला, "आज मंगळवार ना? हर्डलमध्ये कलेजी असेल."

नेव्हिलने त्यांना कोटासकट उचलून गाडीत घातलं म्हणा ना.

'ओल्ड हर्डल' म्हणजे आपल्या टेकडीपलीकडचा पब. स्वयंपाकघर नऊला बंद म्हणजे बंद. डॅडना शेकोटीजवळ बसवून नेव्हिल काउंटरवर गेला. पुढे एक गृहस्थ पाठमोरे उभे होते, भिजका कोट घालून. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे काउंटरवर रांग नसते, पण कोण कोणाच्या आधी आलं हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं. मध्ये घुसलात तर गावात तोंड दाखवायची सोय नाही.

काउंटर सांभाळणारी केरी आली. "बोला काका."

नेव्हिलने हनुवटीने पुढे खूण केली. "आधी यांचं."

केरीने तिकडे पाहिलं. टोकाला रोजचा पिणारा ट्रेव्हर बसला होता. तिने त्याला विचारलं, त्याने भरलेला ग्लास दाखवला. ती बिअरचं पिंप बदलायला तळघरात निघून गेली. आठ पंचेचाळीस.

ही पोरगी आंधळी आहे की काय, नेव्हिल मनात म्हणाला. आणि हा बाबा तरी कसला, तोंडात मिठाची गुळणी धरून उभा.

आठ बावन्नला ती परत आली. "काका, तुम्हाला हवंय तरी काय?"

"मला कलेजी हवीय. पण हे आहेत ना आधी."

केरीने पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग ग्लास पुसत पलीकडे सरकली.

नेव्हिलचा पारा चढला. मागे डॅड त्याच्याकडे आशेने बघत होते. "अहो," तो त्या पाठीला म्हणाला, "सांगा की एकदाचं. माझा म्हातारा उपाशी आहे हो."

पाठ हलली नाही.

मग त्याच्या लक्षात आलं. तीन दिवसांत पाऊस नव्हता.

कोटातून पाणी ठिबकत होतं. टप... टप... खालची फरशी कोरडी.

मान वळायला लागली. सावकाश...

आत खटका वाजला. स्वयंपाकघरातला दिवा गेला. नेव्हिलने क्षणभर तिकडे पाहिलं. परत पाहिलं तर पुढे कोणी नव्हतं.

"बंद झालं, काका," केरी म्हणाली.

"पण ते गृहस्थ..."

"कोण? वीस मिनिटं तुम्ही एकटेच उभे आहात. मला वाटलं थट्टा करताय."

"थट्टा? आणि तू करू दिलीस?" नेव्हिल ओरडला. जन्मात कोणावर ओरडला नव्हता. सभ्यपणापायी बापाचा घास घालवला, हे त्याला सहन होईना. आता रिकाम्या हाताने तिथवर जायचं कसं?

गेला. डॅड पावाच्या तुकड्याने ताटली पुसत होते. हनुवटीवर रस्सा.

"किती वेळ रे," अर्नॉल्ड म्हणाला. "गार झाली असती."

"डॅड... ही कुणी आणली?"

"तुझ्या पुढचा माणूस. म्हणाला, तुमच्या मुलाने मला नंबर दिला. इतक्या वर्षांत कोणी दिला नव्हता. मग म्हणाला, मला आता भूक नाही, तुम्हीच खा."

मागे केरी उभी होती. हळूच म्हणाली, "आज कलेजी केलीच नव्हती. खाटकाची गाडी आली नाही."



दुसऱ्या दिवशी अर्नॉल्डने दोन अंडी मागितली. अजून जेवतो, चांगला चापून. पण त्या रात्री अर्नॉल्डने घातलेला कोट बेडोजांच्या दारामागे टांगलेला आहे. उजव्या खांद्यावर हाताचा पंजा उमटलाय, ओला. चुलीपुढे वाळवून झाला, दोन उन्हाळे गेले.

काल मी बोट लावून पाहिलं...

ओला आहे.