कोरी उजवी बाजू

तहमीना सायबर कॅफेत शिरली आणि लाइट गेली.

दौंडात २००३ साली यात नवल कसलं? पण काउंटरमागून अंधारातच आवाज आला, "मॅडम, तुमचं पाऊल लई भारी पडलं बघा."

"हो ना. मुद्दाम त्यासाठीच आले होते," तहमीना म्हणाली.

माणूस हसला. त्याचं हसणं आधी ऐकू आलं, आणि दाराचा पडदा सारल्यावर तो दिसला. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बिलाल तांबोळी. वडलांचा फोटो स्टुडिओ होता, त्याच्या अर्ध्या जागेत यानं चार कॉम्प्युटर टाकले होते. एका भिंतीला लग्नाचे अल्बम, दुसरीला इंटरनेट.

तहमीना मुलाणी गावातल्या शाळेत चित्रकला शिकवायची. फिनलंडमधल्या आनिकाबाईंशी तिनं ई-मेलवरून एक प्रकल्प जमवला होता. 'माझ्या शाळेची वाट' हा विषय. दौंडच्या चोवीस पोरांनी कागदाच्या डाव्या बाजूला आपली वाट काढायची. ती चित्रं नेटवरून फिनलंडला जायची. तिकडच्या चोवीस पोरांनी उजव्या, कोऱ्या बाजूला त्यांची वाट काढून दोन्ही वाटा जोडायच्या. कुणाचा जोडीदार कोण, तेही ठरलं होतं. पोरांनी तर घरोघरी सांगून टाकलं होतं, की आपलं चित्र परदेशात पुरं होणार आहे.

आता हे सगळं तिनं बिलालला सांगायला नको का? पण झालं काय—

"लाइट कधी येईल?" तिनं विचारलं.

"तुम्ही थांबणार असलात तर... सावकाश आली तरी चालंल."

तिनं चित्रांची पिशवी काउंटरवर ठेवली. मग तो बोलत राहिला, ती हसत राहिली, आणि अर्धा तास कुठं गेला ते दोघांनाही कळलं नाही. शाळेची घंटा ऐकून ती दचकली.

"बिलालभाई, एवढी चित्रं स्कॅन करून या पत्त्यावर पाठवाल? नीट हं."

भाई म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा उतरला. पण तो म्हणाला, "एकदम बेस्ट करून पाठवतो."

आणि त्यानं खरोखरच बेस्ट करून पाठवली. तिथंच सगळा घोळ झाला.

दिवाळीची सुट्टी लागली, पाठोपाठ रमजान सुरू झाला. बुधवारी तहमीना कॅफेत मेल बघायला आली आणि आलेला मेल तिनं दोनदा वाचला. आनिकाबाईंनी लिहिलं होतं, 'चित्रं छान आहेत, पण आमच्या मुलांना जागाच उरली नाही. हे डोंगर मुलांनी काढलेले वाटत नाहीत. हातानं काढलेली चोवीसही चित्रं शुक्रवारपर्यंत आली नाहीत, तर आम्हाला दुसऱ्या शाळेबरोबर काम करावं लागेल.'

तिनं पाठवलेल्या फाइली उघडल्या. ज्ञानूची वाट रेल्वे फाटक ओलांडून थेट बर्फाच्या डोंगरात शिरली होती. उसाच्या ट्रॉलीपुढं निळं तळं, तळ्यात दोन हंस. म्हाळसाच्या घरासमोर गुलाबाचे ताटवे.

"हे काय केलंत तुम्ही?"

"उजवी बाजू कोरी व्हती," बिलाल म्हणाला. "मला वाटलं, पोरांचं राहून गेलं. लग्नाच्या अल्बमात कोरी जागा सोडली की गिऱ्हाईक अल्बम तोंडावर फेकतं, मॅडम. म्हणून बॅकग्राउंड भरलं."

"मूळ फाइली आहेत ना?"

"त्यांच्यावरच सेव्ह केलं..."

"अहो, कागद तर मी सुट्टीआधीच पोरांना वाटून टाकले!"

तहमीनाला असा संताप आला की विचारू नका. रोजा होता म्हणून तोंडात आलेले शब्द तिनं गिळले. राग त्याचा आला, तसा स्वतःचाही आला. बाई, त्या अर्ध्या तासात एक वाक्य सांगितलं असतंस तर?

"उद्या सकाळी निघू," बिलाल हळूच म्हणाला. "चोवीस घरं हायत ना? फिरू. माझ्या गाडीवर..."

"तुमच्या गाडीवर बसले तर दुपारपर्यंत अख्ख्या दौंडाला कळेल. मी माझी लुना आणते."

गुरुवारी पुढं लुना आणि मागं त्याची एम-एटी गाडी अशी वरात निघाली. रेल्वे कॉलनी झाली, गोपाळवाडी झाली, लिंगाळी झाली. दिवाळी ताजी होती, दर घरात फराळाचं ताट पुढं यायचं, आणि दोघांनाही रोजा. खात नाही म्हटलं की लोक बांधून द्यायचे. दुपारी लुनाच्या हँडलला चकल्यांच्या चार पिशव्या लोंबत होत्या.

"लग्न ठरल्यासारखा आहेर गोळा होतोय," बिलाल म्हणाला.

"चित्रं मोजा आधी," ती म्हणाली, पण तिला हसू आलंच.

पाटसच्या अलीकडं भुरभुर पाऊस आला. बिलालनं चित्रं अल्बमच्या प्लास्टिक पिशवीत घातली, पिशवी शर्टाच्या आत घातली, आणि दोघं लिंबाखाली उभी राहिली. तिच्या ओढणीच्या टोकावरून पाणी टिपकत होतं. तो बघत होता. तिनं बघितलं की तो ढगाकडं बघायचा. पुन्हा तिनं मान वळवली की पुन्हा तेच.

"ढगात काय आहे एवढं?" ती म्हणाली.

"काय न्हाई... थांबतंय का ते बघतोय."

"थांबावं असं वाटतंय?"

"खरं सांगू? न्हाई."

तिचा राग तिथंच कुठं तरी विरून गेला, आणि हे तिला चांगलंच कळलं.

तेवीस चित्रं मिळाली होती. चोविसावं म्हाळसाचं, आणि म्हाळसा सुट्टीला वरवंडला आजीकडं गेलेली. तिची आजी, अनसाबाई, दारातच भेटली. चित्र तिनं भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवलं होतं. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवत होती. ओल्या फडक्यानं कडा भिजवत तिनं ते सोडवलं, तरी एक कोपरा भिंतीलाच राहिला.

"हा कोपरा मी कॉम्प्युटरवर..." बिलाल बोलायला लागला आणि तहमीनाकडं बघून थांबला. "न्हाई. फाटका तर फाटका."

दिवस बुडायला आला होता. अनसाबाईनं दोघांचे सुकलेले ओठ बघितले. "रोजा हाय व्हय? मग बसा की. घरात खजूर न्हाई, गूळ चालंल का?"

"चालेल आजी," तहमीना म्हणाली.

गूळ-पाण्यानं रोजा सुटला. पाणी देता देता म्हातारीनं विचारलं, "पोरी, ह्यो तुजा कोन?"

तहमीनाच्या ओठांवर 'भाई' आलं होतं. पण ते काही बाहेर पडेना. "बरोबर काम करतो," ती म्हणाली आणि पाणी प्यायला लागली.

बाहेर गाडीला किक मारताना तो पुटपुटला, "आज भाई न्हाई म्हणलात."

"राहून गेलं असेल," ती म्हणाली आणि लुना पुढं काढली.

शुक्रवारी सकाळपासून स्कॅनिंग. सतरा चित्रं गेली आणि नेटच्याच लाइनवर कुणाचा तरी फोन आला, लाइन तुटली. पुन्हा जोडली. जुम्याच्या नमाजाला जायच्या आत तेवीस गेली. चोविसावं अडकलं. तहमीना ओढणीचं टोक पिळत बसली. एका चित्रासाठी एका पोरीला काय सांगायचं? आणि त्या बाकीच्या तेवीस जणांना? मग स्क्रीनवरची पट्टी एकदाची भरली. गेलं.

"तुम्ही घरी जा," बिलाल म्हणाला. "मी बाईंना दोन ओळी लिवतो. चूक माझी हाय, तुमची न्हाई, येवढं त्यांना कळाया पायजे."

शनिवारी उत्तर नाही, रविवारी नाही. तहमीनाला पहाटे सहेरीला घास गिळवेना. सोमवारी कॅफे उघडायच्या आधीच ती दारात उभी होती.

मेल आला होता. 'चोवीस चित्रं मिळाली. मुलांनी शुक्रवारीच रंगवायला घेतली.'

तहमीनाचा जीव भांड्यात पडला. डोळेच भरून आले तिचे. पण मेल तेवढ्यावर संपला नव्हता. तिनं पुढं वाचलं.

'स्टुडिओतल्या माणसानं कळवलं, की शिक्षिकेला काहीच ठाऊक नव्हतं. त्या त्याला फार आवडतात, त्यांना खूश करायला त्यानं ते डोंगर लावले. मी हे वर्गात वाचून दाखवलं. आता मुलं मला एकच विचारतात, बाईंनी त्याला माफ केलं का? कृपया कळवा.'

तहमीनानं मान वळवली. बिलाल तिच्याच माउसमधली गोळी काढून शर्टाला पुसत होता. चांगली स्वच्छ गोळी होती.

"बिलाल, हे तुम्ही फिनलंडला सांगितलंत?"

"तिकडं भ्या न्हाई वाटलं," तो खाली बघतच म्हणाला. "लांब हाय."

"आणि मला?"

"तुम्ही... दोन फुटावर."

तहमीना स्क्रीनकडं वळली. कीबोर्ड पुढं ओढला आणि टाइप करायला लागली. बिलालला बसवेना, उभंही राहवेना.

"काय लिवलं?" त्यानं शेवटी विचारलं.

"या, वाचा."

तो तिच्या खुर्चीमागं येऊन एकेक शब्द लावत वाचायला लागला. 'माफ केलं. मलाही तो आवडतो. ईदला माझ्या अब्बांना भेटायला त्याला घरी बोलावणार आहे. येईल की नाही, ते त्यालाच विचारून कळवते.'

त्यानं पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. 

"शेवटची ओळ बदला, मॅडम," तो म्हणाला. "येतो म्हणून लिवा."

तिनं ती ओळ खोडली, नवी लिहिली आणि माउस त्याच्याकडं सरकवला. बिलालनं गोळी आत बसवली, बटण दाबलं, आणि मेल नीट गेला का ते बघायला दोघं एकाच स्क्रीनवर वाकली.