गावपळणीत राहिलेली एलेन

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी सुगंधा आत्या कधी खोटं बोलली नाही. उलट खरं बोलूनच तिनं चार माणसं तोडली.

१९६४ चा मार्गशीर्ष. मालवणच्या किनाऱ्यावरचं एक गाव. नाव सांगत नाही.

परदेशातून सेवेला आलेल्या मुलींचं तेव्हा खेड्यात प्रशिक्षण चाले. आत्या त्यांच्यासोबत शिकणारी इथली स्वयंसेविका. प्रत्येकीला वेगळं गाव, आणि महिन्यातून एकदा मैत्रिणीच्या गावी राहून तिचं काम बघायचं, असा नियम. त्या महिन्यात एलेन आत्याकडे यायची होती. पण तिची चिठ्ठी आली. ताप आहे, तूच ये.

आत्या भर दुपारी पोचली, तर अख्खा गाव वेशीबाहेर. झावळांच्या खोपी, गुरं, कोंबड्या, चुली...

गावपळण होती. तीन दिवस गाव ओस ठेवायचा; आज तिसरा. त्या दिवसांत आत 'ते' राहतात म्हणे.

एलेन शेवंतीकाकूकडे राहायची. आत्यानं काकूला गाठलं.

"एलेन खंय आसा?"

काकूच्या हातातली पळी थांबली. "ती तुझ्याकडे गेली मां? खोलयेचा दार बंद होता. माका वाटला, पहाटेच्या एस्टीन गेली."

आत्याच्या पायाखालची वाळू सरकली. दोन दिवस. तापात. एकटी.

"भितूर जाव नको गो," काकू रडकुंडीला आली. "देवाचो कौल होयपर्यंत कोण जाणा नाय."

"मगे तिका मराक सोडू?"

आत्या आत शिरली.

गावात कुत्रं नव्हतं. कावळासुद्धा नव्हता.

आणि... कुठल्याशा घरात मुसळाचा आवाज. कांडण चाललेलं. आत्या थबकली की तोही थांबायचा.

एलेन खोलीत चटईवर पडली होती. जिवंत. कपाळावर ओली पट्टी. उशाशी पेजेचा वाडगा...

वाफाळणारा.

"ही पेज कोणी दिली?"

"शेवंतीकाकू. सगळे येतात ना."

आत्यानं तिला पाठुंगळीला घेतलं आणि जीव मुठीत धरून निघाली. देवा, माझं काय व्हायचं ते होवो, हिला वाचव. एवढंच तोंडात.

वेस दहा पावलांवर आली. पलीकडे काकू हात पसरून उभी.

आणि मागून हाक आली...

"सुगंधा, मी इथे आहे. मला सोडून जाऊ नको."

एलेनचाच आवाज. रडणारा, तापानं खोल गेलेला.

पाठीवरचे हात गळ्याभोवती घट्ट झाले. कानाशी कुणी कुजबुजलं, "मागे बघू नको."

आत्यानं मागे बघितलं नाही. वेस ओलांडली आणि कोसळली.

कौल झाला, गाव परतला. एलेनच्या खोलीला आतून कडी होती. दार फोडलं, तर आत कुणी नाही.

एलेन बरी होऊन मायदेशी गेली. दर नाताळला तिचं पत्र यायचं. आत्यानं एकही फोडलं नाही.

"माझी एलेन मी थंयच ठेवन इलंय रे," असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली.

आता पत्रं माझ्याकडे येतात. मीही अजून एकही फोडलेलं नाही.