जीभ बाहेर राहिलेला रोल

धाकटी सामान दारातच टाकून थेट न्हाणीघरात शिरली. दोघी बहिणींची डार्करूम तीच: खिडकीला काळा कागद, बादल्यांवर फळी, फळीवर केमिकलचे ट्रे. लग्नाआधी हाच कॅमेरा घेऊन ताई बंदरं, खाणी, बाजार पालथे घालायची. बाळ झालं आणि कॅमेरा धाकटीच्या गळ्यात गेला. ताईच्या पायांतली भिंगरीही सुटली, असं सगळे म्हणत. ताईला धास्ती एकच होती: आपलं मन घराबाहेर असतं, हे बाळाला कळलं तर?

"काय उजेड होता गं धक्क्यावर! तू हवी होतीस."

"आणि याला पाजलं कोणी असतं? तू?"

रोल धुऊन वाळला. दुपारी त्यांनी सगळ्या फ्रेम एका कागदावर छापल्या. धक्का, दोरखंड, बोटीकडे जाणारी फळ्यांची वाट. आणि त्या सगळ्यावर पुसटशी घरातली गादी, गादीवर बाळ.

ताईच्या लगेच लक्षात आलं. वापरलेल्या रोलची जीभ, म्हणजे फिल्मचं मोकळं टोक, पूर्ण आत गुंडाळायची, कोऱ्याची बाहेर ठेवायची, हा दोघींचा नियम. तिने घरी बाळाचे फोटो काढून रोल कॅमेऱ्याबाहेर काढला, तेवढ्यात बाळ रडलं आणि जीभ बाहेरच राहून गेली. धाकटीने कोरा समजून तोच नेला, आणि बाळाच्या फोटोंवरच धक्का काढला.

"गेला माझा प्रवास पाण्यात," धाकटी म्हणाली. "डोकं काय पाळण्यात ठेवलं होतंस?"

ताई भिंगातून बघत होती. प्रत्येक फोटोला तिने चुटकी वाजवली होती, आणि बाळ दर वेळी तिच्याकडेच बघत होतं. इथे ते बाजूला बघत होतं. फ्रेममागून फ्रेम त्याची नजर फळ्यांच्या वाटेने पुढे सरकत होती. नजर जिथे पोचत होती, तिथे पाठमोरी एक बाई होती. खांद्याला बॅग.

"ही कोण?"

धाकटीने भिंग घेतलं. बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"तिथे कोणी नव्हतं, ताई. माणसाची वाट बघून बघून मी रिकामाच धक्का काढला." मग हळूच, "डावा खांदा खाली टाकून चालतेय. तुझ्यासारखी."

ताईला आधी भीती वाटली नाही. आधी हेवा वाटला. केसांत शिरणारा तो खारा वारा तिला ओळखीचा होता. जा, ती मनात म्हणाली. एकदा मागे बघ आणि जा.

शेवटच्या फ्रेममध्ये बाई बोटीत होती. तिने मागे बघितलं नव्हतं. गादीवर बाळाचे दोन्ही हात वर होते, तोंड उघडं.

बाहेर बाळ रडायला लागलं.

ताई धावली. उचलून छातीशी धरलं. तीच उबदार टाळू, तोच दुधाचा वास. पण बाळ तिच्या खांद्यावरून दाराकडे झेपावत होतं. तिने त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

परक्या बाईकडे बघावं तसं ते तिच्याकडे बघत राहिलं. मग आणखी जोरात रडलं.

नवरा हात पुसत स्वयंपाकघरातून आला. बाळाला तिच्या हातांतून अलगद काढून घेतलं, पाठीवर थोपटलं, दाराकडे एकदा बघितलं.

"उगी, उगी," तो बाळाला म्हणाला. "येईल हं आई."