डाव्या पायाची चप्पल

धक्क्याजवळच्या त्या लहानशा दुकानात तो चामडं कापायचा आणि ती शिवायची. लग्न झाल्यापासून कामाची हीच वाटणी. गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं कड मारायची, तळ कापायचा, हे त्याचं. पट्टे बसवायचे आणि टाके घालायचे, हे तिचं. ह्यांच्या हातात सुई दिली तर चपलेचं गोणपाट होतं, असं ती गिऱ्हाइकांसमोर बिनदिक्कत सांगायची आणि तोही मान खाली घालून हसायचा. बेट लहान असलं तरी पर्यटक पुष्कळ, आणि खडकांवर चालून कुणाची ना कुणाची चप्पल रोज तुटायचीच. दुकान बरं चालायचं.

आता फळ्या रिकाम्या होत्या. साचे पोत्यात भरले होते, आऱ्या आणि सुया डब्यात गेल्या होत्या, शिवायचं बाकडं शेजाऱ्याला देऊन टाकलं होतं. समुद्रापलीकडे, बऱ्याच आत असलेल्या एका शहरात तिच्या भावानं जागा बघून ठेवली होती. खाली दुकान, वर राहायची खोली. उद्या सकाळच्या बोटीनं निघायचं होतं. नवरा सहजासहजी तयार झाला नव्हता. तिचं रडून झालं, भांडून झालं, अबोला धरून झाला, तेव्हा कुठं तो हो म्हणाला, आणि तेही एका अटीवर. बेटाच्या मागच्या अंगाला एक किनारा राहिला होता, जिथं तो अजून गेला नव्हता. तेवढा बघायचा, आणि तिनंही बरोबर यायचं. मग संपलं, तो म्हणाला. काय संपलं, ते दोघांपैकी कुणीच बोलून दाखवलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी दहा वर्षांची होती. तिला एकच खूळ होतं, बेटाच्या कडेकडेनं जायचं आणि प्रत्येक वळणापलीकडचा किनारा बघायचा. मागच्या बाजूला डोंगर सरळ पाण्यात उतरलेला, आणि त्याच्या पायथ्याशी वाळूचे लहान लहान तुकडे, एकमेकांपासून तुटलेले. रस्ता नाही. ओहोटीला खडकांवरून चालत जायचं, नाहीतर नावेनं. बाबा, ह्याच्या पुढं काय आहे, असं तिनं विचारलं की तो म्हणायचा, असाच एक किनारा. आणि त्याच्या पुढं? अजून एक. रविवारी नेतो, असं तो दर वेळी कबूल करायचा, आणि रविवारी नेमकी दुकानासमोर रांग लागायची.

शिवणही ती हौसेनं शिकली होती, पण आईच्या शेजारी बसायचं सोडून समोर बसून. त्यामुळे आरशात बघून शिकावं तसं झालं. आईचे टाके उजवीकडे कलायचे, हिचे डावीकडे. वर दोऱ्याचं टोक तोंडात घालून चोखायची सवय. समोर नको गं, इथं माझ्या शेजारी बस, असं सांगून सांगून आईचं तोंड दुखायचं. पोर हूं म्हणायची आणि पुन्हा समोरच जाऊन बसायची. बापानं चिडवू नये म्हणून आई ते टाके गुपचूप उसवून स्वतः घालायची. त्याला कधी पत्ताच लागला नाही.

एका ओहोटीला ती एकटीच गेली. संध्याकाळी दुसऱ्या वळणावरच्या कपारीत तिची उजव्या पायाची चप्पल मिळाली. दुसरं काहीच मिळालं नाही.

तेव्हापासून आई समुद्राकडे पाठ करून बसायला लागली आणि बाप दर सुट्टीला नाव करून निघायला लागला. काही महिन्यांनी त्यानं डाव्या पायाची चप्पल आणली. तिचीच, तिच्याच मापाची. समुद्र नेलेलं कधीतरी परत टाकतो. त्यात आक्रीत काही नव्हतं. त्या दिवशी जोडी मध्ये ठेवून दोघं बसून राहिली आणि घरात कुणी जेवलं नाही.

पुढं वर्षभरानं त्यानं आणखी एक आणली. तीही डावी. पट्टे निखळून गेलेले, नुसता तळ उरलेला, पण आधीच्यापेक्षा चांगला दोन बोटं मोठा. आणि टाचेची बाहेरची कड झिजलेली. पोर पाय बाहेरच्या अंगावर टाकून चालायची. तिच्या सगळ्या चपला तिथंच झिजायच्या. वाढलीय बघ, तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका उजळला की तिच्या अंगावर काटा आला. पण ती मुळातच व्यवहारी बाई. निम्म्या जगाची पोरं तशीच चालतात, ती म्हणाली, आणि तुम्ही कापलेल्या चपला बेटभर झाल्यात. बुडत्याला काडीचा आधार लागतो, हे तिला कळत होतं. पण हा त्या काडीवर संसार मांडायला निघाला होता.

मग बरेच दिवस काही मिळालं नाही. आणि नंतर तिसरी आली. अजून मोठी, पुन्हा डावी, पण कोरी करकरीत, आणि टाके वेडेवाकडे. हातात घेताक्षणी तिनं ओळखलं. गोणपाट शिवणारा हा हात तिला नवा नव्हता. ती त्याला काहीच बोलली नाही. आत जाऊन उशीत तोंड खुपसून पोटभर रडली, आणि तिथंच ठरवलं की हे बेट सोडायचं. मुलगी गेली ती गेली. नवरा असा डोळ्यांदेखत हातचा जायला तिला नको होता.

त्या राहिलेल्या किनाऱ्याकडे नेणाऱ्या नाववाल्याला सगळे मौनी म्हणायचे, कारण त्याचं तोंड जन्मात कधी मिटलं नव्हतं. धक्का सुटल्यापासून त्याची टकळी चालू होती. ताई, तुमच्या भावाच्या शहरात ना वाळू ना खडक, तिथं चप्पल तुटणार कशी आणि तुम्ही खाणार काय, असं तो विचारत होता. ती हसलीसुद्धा. पण बेटाची मागची बाजू लागली, एकेक किनारा मागं पडायला लागला, तसा मौनीचा आवाज बारीक होत गेला आणि मग बंदच झाला. वल्ह्याचा आवाज तेवढा राहिला.

नवरा पाण्याकडे बघत होता. बघता बघताच म्हणाला, "ती कोरी चप्पल मी केली होती."

"माहीत आहे."

"मी परत आलो की तू दारात येऊन विचारायचीस, काही मिळालं का म्हणून. मग विचारायची बंद झालीस. मला ते बघवेना."

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. त्याचा हात सुकलेल्या चामड्यासारखा खरखरीत लागला. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं की त्याआधीची, पट्टे निखळलेली चप्पलही त्यानंच केली होती ना. आता एकदाच काय ते सांगून मोकळं व्हावं.

त्यानं मान हलवली. "ती नाही गं केली मी."

तिचा विश्वास बसला नाही. एवढं कबूल केलंय, उरलेलं भावाच्या घरी गेल्यावर करतील, असं मनाशी म्हणून तिनं विषय सोडला.

शेवटचा किनारा दोन उंच कड्यांच्या मध्ये होता. नाव आत शिरली आणि वारा पडला. भरतीचं पाणी नुकतंच उतरलं होतं, त्यामुळे वाळू ओली, सपाट आणि पुसलेल्या पाटीसारखी कोरी होती. मौनीनं नाव लावली पण तो उतरला नाही. पाठ फिरवून दोरी गुंडाळत बसला. दोरी आधीच गुंडाळलेली होती.

नवरा गुडघा धरून कसाबसा उतरला आणि नावेला टेकून उभा राहिला. मला आता बघायचं नाही, तो म्हणाला. तूच जा, आणि बघून ये. तिथं काही नाही म्हणालीस की मी मानेन.

तिनं आपल्या चपला नावेतच ठेवल्या. पिशवीत पोरीची ती उजव्या पायाची चप्पल होती. जोडीतली डावी तिनं नवऱ्यासाठी सामानात बांधली होती. ही इथं ठेवून जायची, समुद्राची समुद्राला, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

ओल्या वाळूत अनवाणी चालणं तिला जड जात होतं. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलं होतं. पोर गेल्यानंतरच्या वर्षांतलं दुखणं ते. त्याच्यामुळे जुन्या साच्यावरची चप्पल तिला होत नव्हती आणि नवऱ्याला दर वेळी नव्यानं माप घ्यावं लागायचं. चालता चालता तिच्या लक्षात आलं की वाळूत खेकड्याचं एकही बीळ नाही. पक्षीही नव्हते. आणि शेवाळाचा, माशांचा वास यायला हवा तिथं ओल्या चामड्याचा आणि दोऱ्याला लावायच्या मेणाचा वास येत होता. तिनं हात नाकाला लावून पाहिले. हातांना साबणाचा वास होता.

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक चपटा दगड होता. त्याच्यावर तिनं ती लहानशी चप्पल ठेवली. वादी सरळ केली, वाळूचे कण झटकले. इतकी वर्षं आवरून धरलेलं सगळं तेव्हा एकदम वर आलं, आणि ती त्या दगडाला धरून ढसाढसा रडली. "जा गं बाळा आता," ती म्हणाली, "आणि आम्हालाही जाऊ दे."

मग डोळे पुसून ती वळली.

किनाऱ्यावर पावलांची एकच रांग होती, तिची. लांब नावेपाशी नवरा तसाच टेकून उभा होता. मौनीची पाठ दिसत होती. ती आपल्याच पावलांवरून परत निघाली.

निम्म्या वाटेवर, तिच्या डाव्या पावलाच्या एका ठशात चप्पल होती.

येताना ती नव्हती. ठसाच नव्हता, तर चप्पल कुठून असणार.

तिनं आजूबाजूला पाहिलं. ठशाच्या चारी बाजूंची वाळू कोरी होती.

चप्पल ठशात तंतोतंत बसली होती. अंगठ्याच्या मुळाशी हाडापुरता फुगवटा ठेवून तळ कापलेला होता. असा पाय तिच्याशिवाय कुणाचा नव्हता.

तिनं ती उचलली. एक पट्टा पुरा शिवून झाला होता, दुसरा अर्धा.

टाके डावीकडे कललेले होते.

शेवटच्या टाक्यात सुई टोचलेली होती, मध्येच कुणी हाक मारली म्हणून उठताना ठेवतात तशी. दोरा लोंबत होता. त्याचं टोक ओलं होतं, आणि चोखून बारीक केलेलं.

लाटेचं पाणी उडालं असेल, तिनं स्वतःला बजावलं. लाट बरीच खाली होती. खात्री करून घ्यायला तिनं ते टोक जिभेला लावलं.

खारट नव्हतं.

"काही मिळालं का गं?" नवऱ्यानं लांबून विचारलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द, नाही म्हणायचं, आणि तो नावेत बसला असता. उद्या ह्या वेळेला दोघं भावाच्या दारात पोचली असती.

"अहो, जरा थांबा," ती म्हणाली. "थोडंच राहिलंय."

ती तिथंच वाळूत बसली. चप्पल मांडीवर घेतली, सुईला हात लावला नाही. मग थोडी सरकली आणि आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा केली.