वाळूतली लाल निशाणं

"धरा रे तिला! पंख मोडलाय बिचारीचा!" टारस ओरडला.

वाळूच्याच रंगाची, गळ्यात काळा पट्टा असलेली ती इवलीशी पक्षीण पंख फरफटत पुढे. आणि टारस, डेल्फीन व तिचा धाकटा भाऊ रेमी मागे! शंभरेक पावलांवर ती भुर्रकन उडाली. अगदी धडधाकट!

"बनवलं की आपल्याला!" रेमीनं कपाळाला हात लावला.

डेल्फीन मात्र मागे वळली. "आपल्याला लांब न्यायचं होतं तिला. पण कशापासून?"

पोटावर पालथं पडून शोधलं, तर खड्यांमध्ये चार ठिपकेदार अंडी! एकाला तडा गेला होता आणि आतून चक्क चिवचिव ऐकू येत होती! डेल्फीन हरखून गेली. पण शेजारीच लाल निशाण दिसलं आणि ती ताडकन उठली.

जुलैत सस्कॅचेवान नदी ओसरली की या वाळूच्या पट्ट्यावर सगळ्या घराण्याची सहल असे. नदीवर तराफा चालवणारे ओमेरमामा घट्ट वाळूवरून निशाणं रोवत आणि सगळे ट्रक त्या खुणांवरून डोळे मिटून येत. बाजूला रुतणारी वाळू होती ना!

"मामा, ट्रकच्या वाटेत अंडी आहेत!" तिनं काठावरल्या मामांना सांगितलं.

"पाखरं अंडीच घालणार! पळा, तासाभरात सगळे येतील," म्हणत मामा निघूनही गेले.

"निशाणं हलवू या," डेल्फीन म्हणाली. "पाण्यानं उमटवलेल्या वळ्या पायाला टोचल्या, की वाळू घट्ट. टारस, तू पुढे हो."

"मीच का?"

"सकाळी बटाटा भरलेले वीस पेरोगी हाणलेस! तू रुतला नाहीस, तर ट्रक काय रुततोय!"

टारस गुडघ्यापर्यंत रुतला! दोघांनी ओढून काढला. मग विलोच्या झुडपांकडून घट्ट वाळू सापडली आणि सात निशाणं तिकडे गेली.

ट्रक आले, झुडपांकडे वळले. एकही रुतला नाही!

"कुणी हलवली माझी निशाणं?" मामा कडाडले.

"मी," डेल्फीन पुढे झाली. "वाळू ओळखायला तुम्हीच शिकवलंत, मामा."

इतक्यात पक्षीण लंगडत पुढे आली. "अरेरे, पंख मोडला वाटतं!" म्हणत मामा तिच्यामागे धावले. पोरं पोट धरून हसली!

मग पोरांनी अंडी दाखवली आणि मामाही वाळूवर पालथे झाले. अंड्यातून ओलं पिल्लू बाहेर पडलं आणि काडीएवढ्या पायांवर उभं राहिलं. मामांनी टोपी काढली.

"चाळीस वर्षं या नदीवर काढली मी," ते हळूच म्हणाले, "आणि हे आज बघतोय. शाब्बास, पोरांनो! डेल्फीन, पुढच्या वर्षीपासून निशाणं तू रोवायचीस."

"आणि रुतायचं कुणी?" टारसनं विचारलं.


"मी!" मामा म्हणाले.