पेटी नसलेला खड्डा

गावातली माणसं अणुभट्टीला अणुभट्टी म्हणत नसत. ती होती मुळी एखाद्या खोलीएवढी. कारखान्यात तयार होऊन ट्रेलरवर बसून आली, क्रेननं उचलून सिमेंटच्या खड्ड्यात सोडली, वर झाकण टाकलं, की झालं वीजघर. त्यामुळे सगळे तिला पेटीच म्हणायचे. उद्घाटनाला बड्या साहेबांनी लांबलचक भाषण ठोकलं होतं. अवाढव्य वीजकेंद्रांचे दिवस भरले, उद्या डोंगरावरच्या, बेटावरच्या प्रत्येक वस्तीला आपापली छोटी पेटी असेल, इंधन संपलं की जुनी काढायची आणि नवी ठेवायची, गॅसचं सिलिंडर बदलावं तसं. खरं सांगायचं तर साहेब खोटं काही बोलले नव्हते. खाण बंद पडलेल्या त्या डोंगरगावाला पेटीनं इतकी वर्षं बिनतक्रार वीज पुरवली.

वीजघरातली इंजिनियर बाई पेटीचं कौतुक जरा जास्तच करायची, आणि तिला कारणही तसंच होतं. तिचा नवरा एके काळी खाणीत क्रेन चालवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवायचा. मग स्नायूंच्या आजारानं त्याचे आधी पाय नेले, मग हात. आता श्वाससुद्धा यंत्र देत होतं. नाकातोंडावर मुखवटा, त्याची नळी यंत्राला, यंत्राची वायर भिंतीत. बॅटरी होती, पण ती जेमतेम तासभर टिकायची. "मी तुझ्या पेटीचा घरजावई," तो मुखवट्याआडून म्हणायचा. ती वरवर रागवायची आणि जाताजाता प्लग नीट बसलाय ना ते बघायची.

जुनी पेटी बदलायची वेळ आली, तेव्हा सगळं ठरल्याप्रमाणे झालं. ती खड्ड्यातून निघाली, ट्रेलरवर चढली, घाट उतरून दरीवरच्या पुलावरून गेली. तिच्या ओझ्यानं पुलाच्या खांबाला तडा गेला. नवी पेटी घेऊन आलेला ट्रेलर पलीकडच्या काठावर ताडपत्री पांघरून उभा राहिला. गावातून तो स्पष्ट दिसायचा. पूल तपासून पक्का होईपर्यंत गाडीच काय, पायी माणूसही सोडायचा नाही, असा हुकूम होता. डिझेलचा टँकर नाही, रुग्णवाहिका नाही. हेलिकॉप्टरचंही विचारून झालं होतं. दरीतल्या वाऱ्यात ते उतरवायला कोणी तयार नव्हतं.

डिझेलच्या जनरेटरवर गाव कसंबसं तगून होतं. टाकीतली पातळी खाली जाऊ लागली तशी बाईनं एकेक भाग बंद केला. आधी शाळा, मग बाजार, मग वरची आळी. स्वतःच्या घराची गल्ली तिनं शेवटी ठेवली. रस्त्यात लोकांच्या नजरेला नजर देणं तिला जड जाऊ लागलं.

आणि एका दुपारी जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या बाईनं डोळे गच्च मिटून घेतले. घरी नणंद भावाजवळ बसली होती. यंत्राचा भोंगा आता वाजेल, ती घाबरून फोन करेल.

"मॅडम, डोळे उघडा," मेकॅनिक म्हणाला. म्हातारा एखादी गोष्ट धरली की सोडायचा नाही, म्हणून सगळे त्याला पक्कड म्हणायचे.

"गेली ना वीज?"

"गेली असती तर निदान कळलं तरी असतं. वर बघा."

डोक्यावरचा पंखा फिरत होता. पेटीकडून येणारी वीज दाखवणारा काटा, जो पेटी काढल्यापासून शून्यावर पडून होता, तो आपल्या नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला होता.

दोघं धावत खड्ड्याशी गेले. झाकण सरकवलं. तळाशी ओलसर सिमेंट, बोल्टची भोकं आणि कोणीतरी विसरलेला एक हातमोजा. पेटीच्या जनित्राच्या खोलीत तर त्याहून विचित्र. ज्याच्या फिरण्यानं वीज व्हायची ते चक्रच फिरत नव्हतं. बाईनं त्याच्यावर हात ठेवून खात्री करून घेतली. लोखंड इतकं गार होतं की तळहात चिकटतोय असं वाटलं.

तिनं साहेबांना फोन लावला.

"वीज येतेय ना?" साहेब म्हणाले. "काटा अडकला असेल, मीटर बिघडला असेल, नंतर बघू. पूल होईपर्यंत कशाला हात लावू नका."

खरं म्हणजे तिला हेच ऐकायचं होतं. तिनं शाळा, बाजार, वरची आळी सगळं परत सुरू केलं. घरी जाऊन नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून ती पोटभर रडली.

"रिकाम्या खड्ड्यातून वीज?" तो म्हणाला. "मग त्या पेटीवर एवढा खर्च कशाला केला म्हणे?"

ती हसली. फार दिवसांनी हसली.

पहिल्यांदा चहाची तक्रार आली. शेगड्या लालभडक तापत होत्या, पण कप तोंडाशी नेईपर्यंत चहा गार व्हायचा. मग भर उन्हात माणसं स्वेटर घालून ओट्यावर बसू लागली. ऊन डोळ्यांना लागायचं, अंगाला लागत नव्हतं. मुलं खेळता खेळता बसायची, बसली की आडवी व्हायची. दुकानदार सुटे पैसे देताना बोटं वाकत नाहीत म्हणून हातावर फुंकर मारायचा. कोणी म्हणालं हवा बदलली, कोणी म्हणालं साथ आलीय.

बाई इंजिनियर होती. वीज फुकट होत नाही, कुठून तरी उष्णता घ्यावी लागते, हे तिला पहिल्या वर्गातल्या पाढ्यासारखं पाठ होतं. म्हणूनच ती त्याचा विचार करायचं टाळत होती.

मग एका दुपारी काटा आपल्या जागेवरून हलला. किंचित वर चढला, दिवे उजळले, आणि हळूहळू पुन्हा खाली आला. तिनं ते पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पक्कड कामावर आला तो भिंतीला धरून.

"नात तापानं फणफणली होती," तो म्हणाला. "काल दुपारी ताप उतरला. आम्ही म्हटलं, सुटलो. पण तो उतरतच गेला, मॅडम. पोरगी उठत नाही. हाक मारली की डोळे उघडते, बस्स."

बाई काट्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"मला काही ठाऊक नाही."

"मेन ब्रेकर बंद करू या."

"यांचं यंत्र बंद पडेल, काका!"

"पोरी," त्यानं पहिल्यांदाच तिला अशी हाक मारली, "मी तुझा हात धरून ओढणार नाही. तूच काय ते ठरव." आणि तो खुर्चीत बसला, डोळे मिटून.

तिनं घरी फोन लावला. नणंदेनं तो भावाच्या कानाशी धरला. बाईनं सगळं सांगितलं, रडत, अडखळत.

"बंद कर," तो म्हणाला. "आणि लवकर घरी ये."

हातानं दाबून श्वास द्यायचा रबरी फुगा घरात होता. बॅटरी संपली की ती दाबेल, ती थकली की नणंद दाबेल. हात मोडेपर्यंत दाबू, पण यांना सोडणार नाही. असं मनाशी घोकत तिनं ब्रेकरचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला.

काटा शून्यावर पडला. पंखा थांबला. खिडकीबाहेर दिवेलागणीची वेळ होती आणि सगळं गाव एकदम काळं झालं.

"काका, झालं," ती म्हणाली. खुर्चीत पक्कडची मान छातीवर कलली होती. तिला थांबायला वेळ नव्हता.

ती पळत सुटली. बाजार काळोखात होता, शाळा काळोखात होती. ती आपल्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि जागच्या जागी थबकली.

एका खिडकीत दिवा होता.

आत बल्ब जळत होता. यंत्र नेहमीच्या लयीत चाललं होतं, त्यावरचा बॅटरीचा तांबडा दिवासुद्धा लागला नव्हता. नवरा झोपला होता. त्याच्या गालांवर रंग आला होता, असा रंग तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

नणंद खुर्चीत बसली होती. भावाचा हात दोन्ही हातांत धरून.

"ताई."

बाईनं नणंदेच्या खांद्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. खांदा त्या चक्राइतकाच गार होता.

बल्ब पिवळा पडला. यंत्राचा एक श्वास अर्ध्यावर अडला. बाईनं ताईंचे हात सोडवले, जोर लावून सोडवावे लागले, आणि त्या जागी स्वतःचे ठेवले. बल्ब स्थिर झाला. यंत्र चालू लागलं. बोटांपासून गारठा वर चढू लागला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत.

किती वेळ पुरेन मी? तिनं हिशोब करायचा प्रयत्न केला. रात्रभरही नाही.

फुगा उशाशी होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. आपली बोटं आता त्याच्याभोवती मिटणार नाहीत, हे तिला कळलं.

दारावर थाप पडली.

शेजारचा शिंपी होता. मागे त्याची बायको, तिच्या खांद्यावर झोपलेलं बाळ. त्यांच्याही मागे गल्लीत आणखी माणसं या एकाच उजेडाकडे चालत येत होती.

"वहिनी, सगळीकडे काळोख आहे, तुमच्याकडेच दिवा दिसला," शिंपी म्हणाला. "जरा बसू का? फार गारठलोय हो."

हा फुगा घ्या, पाळीपाळीनं दाबा, मला मदत करा. एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंडही उघडलं.

मागे नवरा झोपेत पुटपुटला, "अगं, किती छान ऊब आलीय."

तिनं दाराची दुसरी फळीसुद्धा उघडली.

"या ना," ती म्हणाली. "असे लांब नका बसू. यांना खेटून बसा."